रिकामं उखळ

त्या उखळात पाय घालू नका. बसायचं तर अलीकडच्या कातळावर बसा, जागा भरपूर आहे. आणि आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण समोरचा कडा दिसला की सगळ्यांच्याच घशाला खाज सुटते. ओरडायची हौस असेल तर खाली गाडीपाशी जाऊन भागवा. भोकरखोऱ्यात हाक मारत नाहीत. लहान पोराला नाही, गुराला नाही, बायकोला तर नाहीच. ज्याला बोलवायचं त्याच्याजवळ चालत जायचं आणि खांद्याला हात लावायचा.

हसताय. हसा. तुमच्यासारखे बाराही महिने येतात इथं. पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला, भाद्रपद सरता सरता सोनकीच्या फुलांनी पिवळा झालेला सडा, हे कातळाचं पठार, बघायला, थंडीत तंबू ठोकायला, दोर लावून कडा उतरायला, आणि वैशाखात करवंदं खाऊन तोंडं काळी करायला. खोरं अजून जसंच्या तसं आहे म्हणून येतात. खिंडीच्या अलीकडे डांबर नाही, टॉवर नाही, हॉटेल नाही. माझ्या घरची भाकरी आणि पिठलं, एवढंच. येणारा प्रत्येक जण विचारतो, हनुमंतबाबा, इथं ओरडायचं का नाही? मग मी त्यांना इथं आणतो आणि हे उखळ दाखवतो.

वीतभर तोंड आणि हातभर खोली. बाजूला ही दोन मुसळं पडलेली असतात, खैराची. दर वर्षी मृगाच्या आधी वाडीतला एक जण नवी करून ठेवतो. या उखळात कधी दाणा कांडत नाहीत. आता याच्या दोन्ही बाजूंचे हे खळगे बघा, समोरासमोर. एक साहेब म्हणाले, पाण्यानं पडलेले आहेत, सड्यावर असे खळगे असतातच. असतील. पण आमच्याकडे सांगतात की ते गुडघ्यांचे आहेत. एका बाजूला सून बसली होती आणि दुसऱ्या बाजूला सासू.

फार मागची गोष्ट. किती मागची ते मला विचारू नका, माझ्या आज्यालाही माहीत नव्हतं. तेव्हा वाडी नऊ घरांची होती असं सांगतात. पाऊस लागला की चार महिने खोरं तुटायचं. भात घरचं, नाचणी घरची, भाजी रानात. नव्हतं ते फक्त मीठ. म्हणून मृगाच्या आधी पाच-सहा गडी नाळेनं, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीनं, कोकणात उतरायचे आणि मिठाच्या गोणी पाठीवर घेऊन वर यायचे. नाळ चढून आलं की हा सडा लागतो. उघड्या दिवशी सड्यावरून वाडी हाकेच्या अंतरावर आहे. पण धुई, म्हणजे दाट धुकं, बसली की स्वतःचं पाऊल दिसत नाही, आणि सड्याची कड कुठं संपते ते कातळ सांगत नाही. खाली सरळ कोकण आहे, दोन हजार फूट.

धुईचा एक नेम होता. माणूस सड्यावर अडकला तर त्यानं जागच्या जागी बसायचं. घरच्या बाईनं वाडीच्या वेशीत, त्या टेकडीच्या आडोशाला उभं राहून डोंगराकडे तोंड करून हाक द्यायची. हाक ऐकू आली तर माणूस उठेल, नाहीतर धुई फाटेपर्यंत बसून राहील. वेशीच्या पुढं जाऊन हाक द्यायची नाही. का नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्यात असंच आहे, एवढंच म्हणायचे.

त्या वर्षी पाच जण गेले. चिमा नावाचा एक तरुण गडी, त्याचा धाकटा भाऊ लुमा, आणि वाडीतले आणखी तिघं. लुमा जन्मापासून बहिरा होता. थोरला भाऊ त्याला हातानं खुणा करायचा आणि लुमा त्या खुणांवर जगायचा. चिमानं बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. दोघांची आई धोंडाई म्हणून होती, आणि चिमाची बायको ठमी.

ठमीसारखा आवाज म्हणे अख्ख्या खोऱ्यात कुणाचा नव्हता. तिनं हाक दिली की पलीकडच्या रानातली गुरं माना वर करायची. दुसऱ्या बायका आपल्या माणसांसाठीही तिलाच हाक द्यायला सांगायच्या, आणि ती कुणाला नाही म्हणायची नाही. आवाजाचा तोरा होता तिला. असायचाच. नवऱ्यालाही होता. चिमा चारचौघांत म्हणायचा की माझी बायको मला कोकणातूनसुद्धा जेवायला बोलावते.

पाऊस त्या वर्षी आठ दिवस आधी आला. पाचही जण नाळ चढून सड्यावर आले आणि धुई बसली. नेमाप्रमाणे तेही बसले. गोणी खाली घेतल्या, वर इरली घातली, आणि मिठाला पाठीशी धरून पावसात बसून राहिले. पहिल्या दिवशी ठमीनं वेशीतून हाक दिली. ओ आली नाही. दुसऱ्या दिवशी दिली, आली नाही. वारा कोकणाकडून वाडीकडे वाहत होता, हाकेला तोंडावर मारत होता. बरोबर नेलेल्या भाकऱ्या संपल्या असणार हे घरातल्या बायकांना कळत होतं. जेठाच्या पावसात उपाशी माणूस दोन दिवस भिजला की तिसऱ्या दिवशी त्याची शुद्ध जाते. डोंगरातली माणसं आहोत, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा जरा पडला आणि ठमीला ओ ऐकू आली. अगदी बारीक. पण तिनं ओळखली.

"आत्ये, हे हायेत! जित्ते हायेत!"

ती वेस सोडून पुढं निघाली. धोंडाईनं तिचा पदर धरला. म्हणाली, "फुडं जाऊ नगंस. हितूनच दे हाक. आपल्यात फुडं जाऊन हाक देत न्हाईत."

"हितून जात न्हाई ना पर! दोन दीस झालं आत्ये, हितून जातच न्हाई!"

तिनं पदर सोडवून घेतला. बाकी तिघांच्या बायका तिच्या मागं धावल्या. ठमी सड्यावर आली, तो धोंडा दिसतोय ना, त्याच्यावर चढली, आणि कड्याकडे तोंड करून आयुष्यात कधी दिली नव्हती अशी हाक दिली.

चार ओ आल्या. वेगवेगळ्या, ओळखू येणाऱ्या. चौघी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पाचवी ओ यायची नव्हतीच, लुमाला ऐकूच येत नव्हतं, आणि त्या घटकेला कुणाला त्याची आठवणही झाली नाही. ठमी हाक देत राहिली. मागून बायका तिला म्हणत होत्या, "आजून मोठ्यानं दे, आजून दे गं बाई." हे त्या बायकांच्या सुना-नातींनी नंतर कधी नाकारलं नाही, म्हणून सांगतो. हाक एकटीची नव्हती.

थोड्या वेळानं चारच्या तीन झाल्या. जिच्या माणसाची ओ थांबली ती म्हणाली, "दम लागला असंल. चालतायत न्हवं?" मग दोन झाल्या. मग एक. ती चिमाची होती. ठमीला वाटलं, वाट चुकतायत, लांब जातायत, म्हणून ती आणखी जोर लावत गेली. गळ्यातून रक्त आलं म्हणे. आणि चिमा दर हाकेला ओ देत होता. बायकोनं बोलावलं आणि त्यानं ओ दिली नाही असं कधी झालंच नव्हतं.

मग तीही थांबली.

ठमीनं पुन्हा हाक दिली आणि कान देऊन उभी राहिली. कुणीच बोलत नव्हतं, पाऊसही थांबला होता. त्या शांततेत तिला पहिल्यांदा ऐकू आलं. पलीकडून, दरीच्या पार, त्या समोरच्या कड्यातून तिचीच हाक परत येत होती. सावकाश, गोड, स्वच्छ. तिच्या तोंडून निघालेली हाक धोंड्यावरून, माणसांच्या डोक्यावरून गेली होती आणि कड्याला लागून वाऱ्याबरोबर त्यांच्या कानात पडली होती. वाडी एका बाजूला होती. हाक दरीच्या बाजूनं येत होती. माणसं हाकेकडे चालत गेली, कडेवरून खाली.

ठमी धोंड्यावरून खाली पडली की तिनं अंग टाकलं, ते सांगता येत नाही. उठली ती कड्याच्या दिशेनं धावत सुटली. मागोमाग आलेल्या धोंडाईनं तिला कमरेला धरून आडवी पाडली. ठमी ओरडायला लागली तेव्हा तिच्या तोंडावर हात दाबला. ठमी त्या हाताला कडकडून चावली, तरी म्हातारीनं हात काढला नाही. बाकी तिघींना तोवर उमजलं होतं. एकीनं दगड उचलला होता.

धोंडाई तिला म्हणाली, "मार. पर आदी ऐक. पाच गेलं व्हतं. ओ चारच दिल्या."

लुमा. बाकी सगळे चालत गेले, पण ज्याला हाक ऐकूच आली नव्हती तो उठला कशाला असेल? चिमानं त्याला बस म्हटलं असेल तर तो अजून बसलेला असेल. उपाशी, भिजलेला, तिसऱ्या दिवशी. हाक मारून त्याला आणता येणार नव्हतं, आणि कुणी शोधायला जावं तर कड कुठं आहे ते धुई सांगत नव्हती. बायकांनी तोंडात पदर कोंबले आणि वाडीकडे गेल्या. त्यांची माणसं गेली होती, त्यांना दोष देऊ नका. सड्यावर सासू आणि सून दोघीच राहिल्या.

धोंडाईला तेव्हा जे सुचलं ते आईलाच सुचावं. लुमा रांगता असताना ती घरात कांडायला बसली की तो जवळ येऊन जमिनीला पोट लावून पडायचा. कानानं नाही, पण त्याला कांडणं अंगात ऐकू यायचं. मुसळ थांबलं की रडायचा. हा सडा आहे ना, तो अख्खा एकच कातळ आहे, इथून पार कडेपर्यंत. आणि वाडीचं सुगीचं उखळ सड्यावरच होतं. तेच हे.

तिनं घरून दोन मुसळं आणली. ठमी तशीच पडून होती.

"ऊठ."

ठमी उठेना. म्हणाली, "आत्ये, म्या मारलं. म्या बोलावून मारलं. मला जाऊ द्या."

"व्हय, तूच मारलंस," धोंडाई म्हणाली. "माझा एक तू नेलास. दुसरा तुझ्याच हातानं आणायचा. ऊठ, बस म्होरं."

उखळात दाणा घातला असता तर ठोका मऊ पडला असता. लाकूड दगडावरच पडायला हवं होतं. पण रिकामं उखळ कांडलं तर घर रिकामं होतं अशी समजूत होती, आणि ठमीचा हात वर गेला तो तिथंच थांबला. धोंडाईनं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आता काय ऱ्हायलंय घरात?"

मग दोघी कांडायला लागल्या. एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. बोलणं नाही, ओवी नाही. दुपार झाली, दिवस मावळला, परत उजाडलं. तळहात फुटले, त्यांना चिंध्या बांधल्या, चिंध्या भिजल्या. वाडीतून कुणीतरी पेज आणून ठेवली, ती तशीच राहिली. गुडघे कातळावर टेकून टेकून सोलले. समोरासमोर बसलेल्या दोघी, एकीनं दुसरीचं लेकरू मारलेलं, आणि दोघींना मान वर केली की एकमेकींचंच तोंड दिसत होतं. मला या गोष्टीतलं सगळ्यात अवघड तेच वाटतं. लहानपणी वाटत नव्हतं.

तिकडे लुमा गोणीला टेकून बसला होता. हे त्यानं नंतर खुणांनी सांगितलं आणि वाडीनं ते जपून ठेवलं. सगळे जण एकाएकी उठले होते. हसत होते. चिमानं त्याला हातानं खूण केली होती, तू बस, मिठाकडे बघ, मी वाट बघून येतो. मग एकेक जण धुईत शिरला होता. लुमा बसून राहिला. भाऊ म्हणाला होता बस, तर तो मरेपर्यंत बसला असता. पण मांडीखालचा कातळ ठोके द्यायला लागला. त्यानं तळहात टेकला, मग पोट टेकलं. आई कांडत होती.

तो गोण घेऊन निघाला. दहा पावलं सरपटायचं, हात टेकायचा, ठोका वाढला की तिकडेच, कमी झाला की माघारी. पाठीवर मण सव्वा मण मीठ. ते टाकून यायचं त्याच्या मनात आलं नाही, कारण त्याला मिठाकडे बघायला सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी तो धुईतून बाहेर आला. आईला बघून हसला. गोण खाली ठेवली. धोंडाईच्या हातातलं मुसळ गळून पडलं. तिनं त्याला पोटाशी धरलं, तरी तो तिच्या खांद्यावरून वाडीकडे बघत होता. मग त्यानं ठमीकडे तोंड केलं आणि हात उंच करून, कपाळापाशी मुंडाशाची खूण करून विचारलं. चिमाची खूण होती ती.

दादा कुठाय? घरी आला ना? माझ्या आधीच निघाला होता.

ठमीनं तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. निघाला असता तरी त्याला ऐकू येणार नव्हतं. तिनं त्याचा हात धरला, कड्याकडे वळवला, आणि मग आपल्या गळ्यावर ठेवला. लुमाला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा बहिऱ्या माणसाच्या गळ्यातून जो आवाज आला तो कड्यावर जाऊन परत आला. वाडीच्या माणसाची सड्यावरची ती शेवटची हाक, असं सांगतात.

ठमी पुढं चाळीस वर्षं जगली आणि एक शब्द बोलली नाही. लुमानं आणलेलं मीठ वाडीनं खाल्लं. तुम्हाला वाईट वाटलं का? पोरं होती घरोघरी. जिनं दगड उचलला होता तिच्या घरीसुद्धा खाल्लं. आणि धुई बसली की ठमी न सांगता इथं येऊन बसायची, सड्यावर कुणी असो वा नसो. समोर धोंडाई असायची. धोंडाई गेली तेव्हा एक दिवस ठमी एकटीच कांडत होती. समोर येऊन बसली ती दगडवाली. तिचं आणि ठमीचं त्यानंतरही बोलणं झालं नाही. ठमी बोलणार तरी कशी? पण कांडलं दोघींनी.

आमचा नेम तिथून पडला. आजही धुईत माणूस अडकलं की घरच्यानं इथं येऊन बसायचं, आणि समोर बसायचं ते त्याच्याशी ज्याचं वाकडं असेल त्यानं. बांधावरून भांडण असेल, पोरीच्या लग्नावरून असेल. मित्राचे हात थकतात. आता पुरे म्हणून तो तुम्हालाही सांगतो. ज्याच्याशी वैर आहे तो तुमच्या आधी मुसळ ठेवत नाही.

तुम्हाला वाटेल, म्हातारा भाकडकथा सांगतोय. चार वर्षांपूर्वी श्रावणात एक मोठा घोळका आला होता. तुमच्याच वयाची पोरं, चांगली होती. नेम सांगितला होता, माना डोलावल्या होत्या. धुई उतरली आणि त्यातला एक जण मागं राहिला. घाबरला, आणि ओरडायला लागला. वाटाड्या म्हणून माझा मुलगा एकनाथ त्यांच्याबरोबर होता. त्याला नेम माहीत नव्हता असं नाही, माझ्याच मांडीवर ऐकला होता. पण कुणी जिवाच्या आकांतानं हाक मारतंय आणि आपण कातळावर हात टेकून बसायचं, हे त्याच्यानं झालं नाही. तो हाकेकडे गेला.

मी इथं येऊन बसलो. समोर कुणाला बोलवायची गरज पडली नाही. माझा भाऊ विठू चालत आला, त्या खळग्यात गुडघे टेकले आणि मुसळ उचललं. वडिलांच्या जागेवरून आमचं बोलणं बंद होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. दोन दिवस आम्ही कांडलं. ओरडणारा पोरगा पहिल्याच दिवशी दुपारी आला. कुणीतरी ठोकतंय हे त्याला पायाखाली कळलं म्हणाला. एकनाथ आला नाही. आम्ही मुसळ उचललं त्याच्या आधीच तो गेला असणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. विठूलाही कळलं असेल. पण मी ठेवीपर्यंत त्यानं मुसळ ठेवलं नाही. मी ठेवलं तेव्हा तो उठला, आपली वाट धरून घरी गेला, आणि आमचं बोलणं आजही नाही.

तो ओरडलेला पोरगा दर श्रावणात येतो. माझ्या घरी जेवतो. ही दोन मुसळं या वर्षी वाडीतल्या कुणाऐवजी त्यानंच मृगाआधी येऊन करून दिली आहेत, खैराचं लाकूड शोधून.

चला, उठा आता. कोकणाकडून पांढरं वर सरकायला लागलंय. हातात हात धरून चला. आणि कुणी सुटलंच, तर बसा आणि तळहात कातळावर टेका. हाक ऐकू आली तर हलू नका, मग ती तुमच्या आईची का असेना. ठोका लागला तर या. तुम्ही येईपर्यंत आम्ही इथं आहोत, मी या बाजूला आणि विठू त्या.